डब्यांचे दोरे आणि सुरतेचं हापीस

हिराने आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे आम्ही मिरच्यांची देठं खुडली. होळी होऊन गेली होती. ओट्यावर गोणपाट टाकलं, त्यावर मिरच्यांचा ढीग, आणि दोघं समोरासमोर. मी ठसक्याने बेजार. ती तोंडाला पदर बांधून बसलेली. यंदा मिरची जास्त घेतली म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणाली, "सुरतले धाडना शे." सुरतला धाडायचं म्हणजे पोराकडे, जितूकडे, एवढंच मी समजलो आणि पुढची मिरची उचलली.

मसाला कुटून आला. तिने तो डब्यांत भरला आणि मोठ्या डब्याच्या गळ्याशी लाल दोरा बांधला. हिरा शाळेत गेलेली नव्हती. तिचे डबे म्हणजे तुपाचे, बिस्किटांचे, दूध पावडरीचे, जसे मिळतील तसे. चेपलेले, गंजलेले. प्रत्येकाला वेगळा दोरा. लाल मसाल्याचा, पिवळा हळदीचा, हिरवा धन्याचा. बाकीचे मला माहीत नव्हते. मी एकदा हिंगाचा डबा म्हणून मेथीचा आणला, तर म्हणाली, "तुम्हले काहीच ध्यानमा ऱ्हास नही." ती घरात होती तर मी कशाला ध्यानात ठेवू? हाक मारली की डबा हातात यायचा.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी जेवून ती आडवी झाली आणि उठली नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

वाचनालयाच्या मास्तरांनी वही दिली आणि म्हणाले, नाना, सुरतेला जाऊन आलात ते लिहा. मी म्हटलं, मास्तर, मी चौथी पास, कापसाच्या जिनिंगमधला फिटर. आणि आपल्या दोंडाईच्यातून सुरत कोणी पाहिली नाही? घरटी एक माणूस तिथल्या लूमवर आहे. तर म्हणाले, लूम सगळ्यांनी पाहिली, कंप्युटरचं हापीस कोणी पाहिलं नाही. ते लिहा. म्हणून लिहितो.

निघण्याआधीचं

जितू आमचा एकुलता एक. सुरतेत कंप्युटरवर काम करतो. तेराव्यानंतर तो दोन दिवस जास्त राहिला. मी हिराच्या मृत्यूचा दाखला आणायला नगरपालिकेत गेलो होतो. परत येतो तर स्वयंपाकघर ओळखू येईना. फळीवर एका मापाचे पांढरे प्लास्टिकचे डबे, शिपाई उभे केल्यासारखे. मोबाईलवरून मागवलेले. प्रत्येकावर कागदाची पट्टी आणि पट्टीवर इंग्रजीत लिहिलेलं.

"नाना, आता कसं नीट झालं. तुम्हाला त्रास नको. आतलं सगळं तेच आहे, काही बदललेलं नाही."

मी पाणी प्यायलो आणि बाहेर जाऊन बसलो. बोललो असतो तर वाईट बोललो असतो. दुसऱ्या दिवशी तो गेला आणि चहाची पत्ती शोधायला मी सात डबे उघडले. मला इंग्रजी येत नाही. हे त्याला माहीत आहे. मी शिकवला त्याला, त्याने नाही मला.

दीड महिना तो रोज सकाळी फोन करायचा. जेवले का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली. याच्यापुढे मी बोलत नव्हतो. सून पल्लवी फार आग्रह करायला लागली तेव्हा मी पिशवी भरली. मनात एकच होतं. तिचे डबे कुठे घातलेस हे त्याला तोंडावर विचारायचं, आणि मग या पोराशी आपलं काय उरतं ते बघायचं.

गाडीत

गाडीचं सांगण्यासारखं फार नाही. नंदुरबारला भरली, नवापूरच्या पुढे डोंगर वाळलेले, सागाला पान नाही. बारडोलीला ऊस दिसला तेव्हा डोळ्यांना जरा बरं वाटलं. समोर शिरपूरकडचा एक लूमवाला बसला होता. लूमच्या शेडला ते लोक खातं म्हणतात.

"बाबा, कुठे?"

"पोराकडे."

"कोणत्या खात्यात आहे?"

"खात्यात नाही. कंप्युटरवर."

"मग मजा आहे. आमच्यासारखी भांडणं नसतील. आमच्याकडे ओडिशावाले वेगळे, यूपीवाले वेगळे, आपले खान्देशी वेगळे. चहा पण वेगळा."

मी हो म्हटलं. मला काय माहीत.

त्याने भाकरी सोडली, मला अर्धी दिली. माझ्या पिशवीत काही नव्हतं. पन्नास वर्षांत बिनभाकरीचा मी पहिल्यांदाच गाडीत बसलो होतो. स्टेशनवरचे मुरमुरे घेतले होते, ते ओले निघाले.

डिंडोली

जितू डिंडोलीत चौथ्या मजल्यावर राहतो. खाली उतरलं की निम्मं गाव आपलंच. भाजीवाली अहिराणीत हाकारे घालते. फक्त उकाडा आपला नाही. आपलं ऊन भाजून काढतं, तिथलं उकडून काढतं. अंगावरचा सदरा वाळतच नाही.

सकाळी लोचो नावाचा पदार्थ आला. वर तेल, शेव, कांदा. सुरतवाले त्याच्यासाठी रांग लावतात. चव चांगली, पण दिसायला फसलेला ढोकळा. हिराच्या हातून असा झाला असता तर तिने गाईला घातला असता आणि दिवसभर कोणाशी बोलली नसती.

जितू कामावर गेला, पल्लवी शाळेत शिकवायला गेली. मी आंब्याची सालं टाकायला दाराबाहेर आलो आणि दार मागे आपोआप लागलं. चौथ्या मजल्यावर मी, अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, हातात सालं. फोन आत. समोरच्या बाईने दार उघडलं, मला बघून लावलं, मग सुनेचं नाव सांगितल्यावर परत उघडलं. तिने जितूला फोन लावला. अर्ध्या तासाने तो आला, मला लेंगा-सदरा घालायला लावला आणि म्हणाला, "चला माझ्याबरोबर. इथे एकटे ठेवले तर उद्या गॅलरीत अडकाल."

असा मी हापिसात पोचलो. स्वतःच्या हुशारीने.

उधना, तिसरा मजला

खाली साड्यांचं गोडाऊन. बाया साड्यांच्या घड्या घालून खोक्यात भरतात. वर तिसऱ्या मजल्यावर यांचं हापीस. साड्यांचे व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले, त्यांचा माल कुठून निघाला, कुठे पोचला, हे सगळं सांभाळणारा कंप्युटरचा एक मोठा कार्यक्रम यांनी लिहिलाय. बारा-तेरा माणसं. गार हवा. कोणी ओरडत नाही. मला वाटलं, देवळात आलो.

मग एक तास बसल्यावर दिसायला लागलं. मी जिनमध्ये आयुष्य काढलंय. दोन पाळ्या कशा एकमेकींचे नटबोल्टचे पाने लपवतात ते मला माहीत आहे. मला ते वासाने कळतं.

मधे पाण्याचं मशीन. खिडकीकडची माणसं एक, भिंतीकडची दुसरी. खिडकीकडे जितू आणि त्याची पोरं. कंप्युटरचे पडदे काळे, अक्षरं रंगीत, कंप्युटरच्या पाठीवर नाना चित्रं चिकटवलेली. डोक्यावर टोप्या, गार हवेत टोप्या. त्या कसल्याशा मेळाव्यात फुकट मिळतात. भिंतीकडे जरा वयाची माणसं, पांढरे पडदे, समोर देवाचा फोटो. भिंतीवाल्यांचा आल्याचा चहा खालून यायचा, खिडकीवाले आपली कॉफी आपण करायचे. भिंतीवाल्यांना हे म्हणतात म्युझियम. यांना ते म्हणतात स्टिकरवाले. मोबाईलवर दोघांचे ग्रुप वेगळे.

मी जितूला विचारलं, "हे गुजराती-मराठीचं आहे का?"

"नाही नाना. भाषेचं आहे, पण मशीनच्या भाषेचं. ते जुन्या भाषेत लिहितात, आम्ही नव्या."

आणि खरंच. जितूचा जोडीदार हार्दिक गुजराती. भिंतीकडे धुळ्याचा एक पाटील होता, आपल्या जातीचा, आपल्या भागातला. जितू त्याच्याशी बोलत नव्हता. जात कोणी कोणाची विचारत नाही तिथे. आपल्याकडे नाव सांगितलं की आडनाव विचारतात, तिथे नाव सांगितलं की कशात लिहितो ते विचारतात. मग चेहरा बदलतो तो सारखाच बदलतो.

त्यांची एक रीत मला आवडली. एकाने लिहिलेलं परस्पर आत जात नाही. दुसऱ्याने ते वाचून हो म्हणायचं, मगच जातं. आमच्या जिनमध्ये ही रीत असती तर दोन माणसांची बोटं वाचली असती. पण तिचंही यांनी वाटोळं केलं होतं. भिंतीवाल्यांचं काम खिडकीवाले तीन तीन दिवस बघत नाहीत, खिडकीवाल्यांच्या कामात भिंतीवाले स्वल्पविरामाच्या चुका काढतात. आणि आपल्यातल्या आपल्यात मात्र न वाचता हो.

दुपारी हार्दिकने डबा उघडताना भिंतीकडे बघून म्हटलं, "म्युझियम बंद झालं का रे? शुक्रवारी मेन मूर्ती जाणार."

पोरं हसली. जितू हसला नाही, पण गप्प पण केलं नाही त्याने.

नीताबेन

दुसऱ्या दिवशी परत हापीस. माझ्यावर आता कोणाचा भरवसा नव्हता. कॉफी मला कडू लागते, म्हणून आल्याच्या वासाने मी पाण्याच्या मशीनच्या पलीकडे गेलो. हापीस जरा थांबल्यासारखं झालं. मी म्हातारा, मला कोण अडवणार.

तिथे पन्नाशीच्या आतली एक बाई होती. चष्मा, सुती साडी, खुर्चीच्या पाठीला शाल.

"जितूना पप्पा ने तमे? बेहो काका, बेहो." बेहो म्हणजे बसा. तिने मला स्वतःचा कप दिला. थोडी गुजराती, थोडी हिंदी, थोडी मराठी असं ती बोलायची. मी माझ्या भाषेत लिहितो.

तिचं नाव नीताबेन. हा सगळा कार्यक्रम तिने अकरा वर्षांपूर्वी एका पंख्याच्या खोलीत सुरू केला. जितू नोकरीला लागला तेव्हा तिनेच त्याला शिकवलं, सहा महिने स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं. हे मला पोराने कधी सांगितलं नव्हतं.

"मग शुक्रवारी जाताय ती मूर्ती तुम्हीच का?" मी विचारलं. मला गुळमुळीत बोलता येत नाही.

ती हसली. "हो, मीच. राजीनामा दिलाय." मग पडदा माझ्याकडे फिरवला. "काका, वाचता येत नसलं तरी बघा. प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला नाव असतं. ही ओळ कोणी लिहिली, कधी लिहिली. इथे काय दिसतं?"

वरपासून खालपर्यंत एकच अक्षरं होती. इंग्रजी होती, पण तेवढी मला ओळखता येतात. पोराच्या लग्नपत्रिकेवर पाहिलीत. जितेंद्र, जितेंद्र, जितेंद्र.

"सगळं त्याने लिहिलं?"

"एक ओळ नाही. पाटीलच्या बहिणीचं लग्न होतं, आम्ही सगळे बारडोलीला गेलो होतो. त्या शनिवारी दुपारी याने एक यंत्र फिरवलं. ओळी सरळ केल्या, जागा सारख्या केल्या. ओळीला शेवटी ज्याचा हात लागतो त्याचं नाव येतं. हार्दिकने दोन मिनिटांत हो म्हटलं. सोमवारी येऊन बघते तर माझं नाव नाही. कोणाचंच नाही. मी म्हटलं, हे काय केलं? तर म्हणाला, नीट केलं, आतलं सगळं तेच आहे, काही बदललेलं नाही."

मी कप खाली ठेवला. तेच शब्द होते. शब्दाला शब्द.

"नाव गेलं म्हणून एवढं?" मी तरी विचारलं. मला तिच्याकडून ऐकायचं होतं.

"नाव मिरवायला नाही लागत, काका. नाव म्हणजे पत्ता." तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "ही बघा. एका मार्केटचा माल अमुक दिवशी निघूच द्यायचा नाही, असं इथे लिहिलंय. बघणाऱ्याला वाटेल, वेड्याने लिहिलंय. का लिहिलंय ते मला माहीत आहे. उद्या ही अडली तर कोणाला विचारायचं, ते या नावावरून कळायचं. आता सगळे जितूला विचारतील. जितूला काय माहीत?"

नंतर ती सहज म्हणाली, "काकी नाही आल्या? त्यांना सांगा, यंदा मसाला आला नाही. दर वर्षी पाठवायच्या माझ्यासाठी. मला वाटलं, भांडणामुळे जितूनेच दिला नाही."

मला जरा वेळ लागला. सुरतले धाडना शे. तो जितूसाठी नव्हता, किंवा नुसता जितूसाठी नव्हता.

"हिरा गेली," मी म्हटलं. "होळीनंतर. दोन महिने होत आले."

 पाटील उठून उभा राहिला. भिंतीकडची चारही माणसं एकमेकांकडे बघत होती.

"आम्हाला कोणीच सांगितलं नाही," पाटील म्हणाला. "काका, देवाची आण, कोणीच नाही."

"तो डोक्यावरचे केस काढून आला होता ना," मी म्हटलं. "दिसलं नाही?"

"टोपी होती," नीताबेन म्हणाली. "तरी मला दिसलं होतं. मला वाटलं, तिरुपतीला जाऊन आला. विचारलं नाही मी." तिने चष्मा काढला. "बोलायचंच बंद होतं ना."

घरी आलेली माणसं

त्या संध्याकाळी उजेड असतानाच दाराची घंटी वाजली. भिंतीकडची चार माणसं. नीताबेन पांढऱ्या साडीत. पुरुषांनी चपला जिन्यातच काढलेल्या. आपल्याकडे दारावर बसायला येतात, तसं त्यांच्याकडे बेसणं असतं. आपल्याकडे बाया मोठ्याने रडतात, तिकडे हात जोडून गुपचूप बसतात. हिराचा फोटो पल्लवीने टेबलावर ठेवला. मला आपलं रडणं बरं वाटतं. पण ते चौघं खाली फरशीवर बसले, सोफा रिकामा सोडून, ते मला आवडलं.

जितू आतून आला आणि दारातच थांबला. "आता आलात?"

"आज कळलं, जितू," नीताबेन म्हणाली.

"आज कसं कळलं? मी मसणातून फोन केला होता. हार्दिकला म्हटलं होतं, सगळ्यांना सांग." त्याचा आवाज चढला. "पंधरा दिवसांनी हापिसात आलो तर तुमच्यातलं एक माणूस वळून बघेना. तुम्ही पण नाही. तुम्ही, नीताबेन! आईने दर वर्षी..."

मी म्हटलं, "लाव त्या हार्दिकला फोन. आमच्यासमोर लाव."

त्याने लावला आणि आवाज मोठा केला.

"हार्दिक, आई गेली तेव्हा तू सगळ्यांना सांगितलं होतं ना?"

"हा भाई, सगळ्यांना. तेव्हाच ग्रुपवर टाकलं होतं."

"कोणत्या ग्रुपवर?"

 पल्लवीने पंखा कमी केला.

"आपल्या," हार्दिक म्हणाला.

त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी लिहून ठेवतो. त्याने सगळ्यांनाच सांगितलं. त्याचे सगळे तेवढेच होते.

जितूने फोन बंद केला आणि फरशीवर बसला, चौघांच्या समोर. टोपी काढली. डोक्यावर केस अजून आखूडच, लहानपणी जावळ काढल्यावर दिसायचा तसा. नीताबेनने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही की काही नाही. नुसती म्हणाली, "तो शनिवार त्याच आठवड्यातला का?"

त्याने मान हलवली. "मला काहीतरी सारखं करायचं होतं. काहीही. सगळं वेडंवाकडं दिसत होतं. आणि तुम्ही कोणी आला नव्हता."

ती माणसं पाणी पिऊन गेली. आपल्यासारखंच, जातो म्हणून सांगत नाहीत.

पल्लवी खिचडी टाकायला आत गेली. मग मी विचारलं. दोन महिने मनात धरलेलं, जे विचारायला मी आलो होतो ते.

"तिचे डबे कुठे आहेत?"

त्याला कळलं. कुठले डबे, असं नाही म्हणाला.

"भंगारवाल्याला दिले, नाना. गंजले होते."

"दोरे?"

"कापले. डब्याबरोबर नको जायला म्हणून कात्रीने एकेक कापले, आणि नंतर हातात ठेवून काय करू कळेना. केरात टाकले." तो फरशीकडे बघत होता. "मला ती फळी बघवत नव्हती. आत्ता येईल आणि एक डबा काढेल, असं सारखं वाटायचं."

मला वाटलं होतं, मी ओरडेन. एवढे दिवस साठवलं होतं. पण ओरडायला जोर लागतो, तो नव्हता. मी म्हटलं, "मला पण तेच वाटायचं. म्हणूनच मला ती फळी पाहिजे होती."

  खिचडीत मीठ जास्त होतं, दोघांनी गुपचूप खाल्ली.

शुक्रवार

सकाळी मी जितूला विचारलं, "ते नावांचं परत होतं का काही, का तेही केरात?"

"होतं," तो म्हणाला. "मशीन जुनं काही विसरत नाही. एक लहान फाइल करायची. तिच्यात माझ्या त्या शनिवारच्या कामाचा नंबर लिहायचा. मग मशीन तेवढं काम ओलांडून मागे बघतं आणि मूळ नाव दाखवतं."

"किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं."

"मग एवढे दिवस का केलं नाहीस?"

"त्यांनी नीट मागितलं नाही. सगळ्यांसमोर भांडल्या. मग हार्दिक म्हणाला, कोड कोणाच्या बापाचा नसतो. मग मी कसा वाकणार? आमची पोरं काय म्हणतील?"

पाच मिनिटांचं काम. मी त्याला एक शिवी दिली ती इथे लिहीत नाही.

हापिसात त्याने ती फाइल केली. रीतीप्रमाणे कोणीतरी हो म्हणायला पाहिजे. हार्दिक म्हणाला, मी म्हणतो. जितू म्हणाला, तू नको. कंप्युटर उचलून तो पाण्याच्या मशीनच्या पलीकडे गेला आणि नीताबेनच्या शेजारी स्टूल ओढून बसला. खिडकीकडची पोरं मान वर करून बघत होती.

नीताबेनने वाचलं. एवढीशी फाइल, एकच नंबर, पण तिने सावकाश वाचलं. मग म्हणाली, "नुसता नंबर चालणार नाही. वर कारण लिही. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे."

जितूने लिहिलं. मी पाटीलला विचारलं, काय लिहिलं? त्याने मराठीत सांगितलं, "आवरलं होतं. विचारलं नव्हतं."

तिने हो म्हटलं. पडद्याच्या डाव्या बाजूला नावं परत आली. मला वाचता येत नाहीत, पण ती एकसारखी नव्हती, लहानमोठी होती, एवढं दिसलं.

कोणी म्हणेल, मग नीताबेन राहिली असेल. नाही राहिली. राजीनामा देऊन झाला होता, अडाजणला दुसरी नोकरी ठरली होती, आणि ती म्हणाली, आता थकले काका, रोज सकाळी कोण माझ्याकडे बघणार नाही हे मोजत यायला नको वाटतं. पण त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत जितूच्या शेजारी बसून होती. ही ओळ का, ती ओळ का. तो वहीत लिहून घेत होता, हाताने, मराठीत. आल्याचा चहा त्याने दोन वेळा घेतला. तिच्या निरोपाला मात्र खिडकीकडून दोघंच आली, हार्दिक आणि एक मुलगी. बाकीची कानात गाण्याची बोंडं घालून बसली होती. असं एका दिवसात कुठे जातं.

जाताना रस्त्यावर जितूने मला कोल्ड कोको पाजला. सुरतवाले उन्हाळ्यात तोच पितात, घट्ट, चमच्याने खावा लागतो. गोड फार. मी सगळा प्यायलो.

"नाना, राहा ना इथेच," तो म्हणाला.

"तुझं दार आपोआप लागतं," मी म्हटलं. तो हसला. त्याची आई गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिला नव्हता.

परत

शनिवारी परतीची गाडी पकडली. पल्लवीने भाकरी आणि ठेचा बांधून दिला. भाकरी जाड होती. त्या लूमवाल्यासारखा कोणी भेटला असता तर अर्धी दिली असती, पण शेजारी झोपलेला माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, हिराचं शिवणकामाचं खोकं काढलं आणि फळीसमोर बसलो. पांढरे डबे एकेक उघडून वास घेतला. मसाला, लाल दोरा. हळद, पिवळा. धने, हिरवा. मेथीला निळा असावा, त्या दिवशी हिंग म्हणून आणला तो निळाच होता. बाकीचे डबे तसेच सोडले. पण खोक्यात काळ्या दोऱ्याचं रीळ निम्मं संपलेलं होतं, आणि घरात काळं काही शिवलेलं मला आठवेना. मी जितूला फोन लावला. मी लावला, त्याच्या वेळेच्या आधी.

"नाना? काय झालं?"

"काही झालं नाही. तू दोरे कापलेस ना, तेव्हा काळा कशाला होता?"

तो लगेच बोलला. विचार करायला लागला नाही त्याला.

"लहान डब्याला. मसाल्याच्या शेजारचा, बिस्किटाचा. दोन गाठी होत्या, कात्री लवकर चालेना." मग म्हणाला, "त्यात पण मसालाच होता, नाना. मी मोठ्या डब्यात ओतला. एकच आहे म्हणून."

"बरं," मी म्हटलं. "आणखी कोणते आठवतात?"

"सगळे आठवतात."

"मग संध्याकाळी सांग एकेक. आत्ता मला काम आहे."

मी एक पांढरा डबा रिकामा केला, पुसला आणि मसाल्यातून नीताबेनचा वाटा काढला. किती काढायचा ते माहीत नव्हतं, म्हणून जरा जास्तच काढला. काळा दोरा बांधला, दोन गाठी मारल्या. गल्लीतला सोनवण्यांचा दिनेश दुपारच्या गाडीने उधन्याला कामावर निघणार होता, तो डबा जितूकडे देईल, जितू पुढे नीताबेनला. मी पायात चप्पल घातली आणि डबा त्याच्या घरी नेऊन दिला.